शाळेतली नर्स तातडीच्या प्रसंगाला किती तयार आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या शाळांची व्यवस्थापनं, मुख्याध्यापक, पालक आणि खुद्द नर्स मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एका ठिकाणी दिली आहेत. मी बरीच वर्षं नर्सिंग शिकवलं. आता शाळाशाळांत जाऊन नर्सच्या तयारीची तपासणी करते. काही उत्तरं लांब झाली आहेत, कारण मुलाचा जीव वाचणं किंवा न वाचणं तिथेच ठरतं.

तपासायचं म्हणजे नेमकं काय तपासायचं?

मूल कोसळल्यावर पहिल्या पाच-दहा मिनिटांत ही नर्स काय बघते, काय करते आणि काय बोलते, एवढंच. अॅम्ब्युलन्स येईपर्यंतचा वेळ पूर्णपणे तिचा असतो.

बघणं सर्वांत आधी येतं. मुलाला हात लावण्यापूर्वी, दारातूनच तीन गोष्टी दिसायला हव्यात: मूल कसं दिसतंय आणि कसं वागतंय, श्वास घ्यायला किती कष्ट पडतायत, आणि त्वचेचा रंग कसा आहे. आपल्याकडच्या सावळ्या मुलांत रंग ओठांवर, नखांवर आणि तळहातावर बघावा लागतो. गालाकडे बघून फसायला होतं. सराव असलेल्या नर्सला हे काही सेकंदांत समजतं. सराव नसलेली नर्स थर्मामीटर शोधायला लागते.

आमची नर्स जीएनएम (नर्सिंगची पदविका) आहे, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे, रुग्णालयात कामही केलंय. मग पुन्हा तपासणी कशाला?

रुग्णालयात ती एकटी नसते. शेजारी दुसरी सिस्टर असते, हाक मारली की डॉक्टर येतात, भिंतीवर ऑक्सिजन असतो. शाळेत ती एकटी असते आणि सोबतीला असतात घाबरलेले पीटी सर. शिवाय वर्षभर तिच्याकडे येणारी कामं म्हणजे खरचटलेले गुडघे, पोटदुखी, पाळीचा त्रास आणि परीक्षेच्या दिवशी येणारा ताप. गंभीर प्रसंग क्वचित येतो, आणि जे हातून क्वचित होतं ते हात विसरतात. छाती दाबण्याचं कौशल्य प्रशिक्षणानंतर तीन ते सहा महिन्यांतच घसरायला लागतं, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलेलं आहे. दहा वर्षांपूर्वीच्या पदविकेवरून आज तिचे हात किती तयार आहेत, ते कळत नाही.

ही तपासणी म्हणजे नर्सवर घेतलेला संशय आहे, असं कृपया समजू नका. आपण मुलांना तिच्या भरवशावर सोडतो. तिला तयारीची संधी देणं हे आपलं काम आहे.

आमच्या शाळेत नर्सच नाही. मग हे आमच्या उपयोगाचं आहे का?

आहे. गोव्यातल्या बहुतेक सरकारी प्राथमिक शाळांत पूर्णवेळ नर्स नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, मुलांना तपासतं आणि पुढच्या शाळेला जातं. सत्तरी किंवा सांगे तालुक्याच्या आतल्या गावात दोन शिक्षक आणि वीस-पंचवीस मुलं असलेल्या शाळेत तातडीची वेळ आली, तर जे काही करायचं ते शिक्षकालाच करावं लागतं. इंजेक्शनांचा भाग सोडला तर खालचे सगळे प्रसंग शिक्षकांनाही लागू आहेत. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सला बोलावून वर्षातून दोनदा सराव करून घ्या.

लेखी परीक्षा घेतली तर चालेल का?

सुरुवात म्हणून चालेल. जॉर्ज मिलर यांनी १९९० साली वैद्यकीय मूल्यमापनाची एक उतरंड मांडली. तळाला माहीत असणं, त्यावर कसं करायचं ते माहीत असणं, त्यावर करून दाखवणं, आणि सर्वांत वर प्रत्यक्ष कामात करणं. लेखी परीक्षा खालच्या दोन पायऱ्यांपर्यंतच पोचते. ‘तीव्र अॅलर्जीत अॅड्रेनालिन कुठे टोचावं’ या प्रश्नाला ‘मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत’ असं अचूक उत्तर लिहिणाऱ्या सिस्टरला अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, फोडून औषध ओढायला चार मिनिटं लागलेली मी पाहिली आहेत. तिला उत्तर येत होतं. हाताला सवय नव्हती.

करून दाखवण्याची पायरी तपासायला नर्सिंग कॉलेजांत चालते ती ओस्की पद्धत उत्तम. रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडी इथे १९७५ साली ती मांडली. ठरलेल्या वेळाचे छोटे छोटे थांबे, प्रत्येक थांब्यावर एक प्रसंग आणि परीक्षकाच्या हातात निरीक्षणाची यादी. शाळेसाठी पाच-सहा थांबे पुरतात.

सर्वांत वरची पायरी, म्हणजे प्रत्यक्ष कामात करणं, तपासायला एकच उपाय आहे: तिच्याच शाळेत, तिच्याच कपाटासमोर, न सांगता घेतलेला सराव.

कोणकोणते प्रसंग ठेवावेत?

जे घातक आहेत आणि ज्यांत पहिल्या मिनिटांनी फरक पडतो, ते. माझी यादी अशी: श्वास आणि नाडी थांबलेलं मूल, घशात अडकलेला घास, दम्याचा जोराचा झटका, तीव्र अॅलर्जी, फिट, साखर उतरलेलं मधुमेही मूल, डोक्याला मार, सर्पदंश. किनाऱ्याजवळच्या आणि नदीकाठच्या शाळांनी बुडण्याचा प्रसंग घ्यायलाच हवा, कारण सहल निघते तेव्हा नर्स सोबत जाते. बुडालेल्या मुलाला नुसते छातीचे दाब पुरत नाहीत, त्याला श्वास द्यावे लागतात. ‘फक्त दाब द्या’ एवढंच शिकून आलेली नर्स इथे कमी पडते.

सगळे प्रसंग एकाच दिवशी नकोत. माणूस थकतो, आणि मग आपण तिचा थकवा मोजत बसतो.

कुत्रा चावणं, भाजणं, पडलेला दात हे छोट्या प्रश्नांत घ्या. चावा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचा. पडलेला कायमचा दात मुळाला हात न लावता दुधात ठेवायचा आणि मुलाला लगेच दंतवैद्याकडे न्यायचं. काजूच्या मोसमात मुलं कच्ची बी दाताने फोडतात आणि चिकाने ओठ भाजून घेतात. तेही नर्सला माहीत असावं, पण त्यासाठी वेगळा थांबा नको.

एखादा प्रसंग प्रत्यक्षात कसा घेतात?

तीव्र अॅलर्जीचाच घेऊ. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त गडबड इथेच होते.

मधली सुटी. अकरा वर्षांची मुलगी, वजन ३४ किलो. मैत्रिणीच्या डब्यातली काजूची वडी खाल्ली आणि दहा मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला, एक उलटी झाली. मुलगी चालत आजारी खोलीत येते आणि खुर्चीवर बसते. एवढं सांगून मी गप्प होते. पुढे जे विचारलं जाईल तेवढंच सांगायचं. नाडी विचारली तर १४०. श्वास ऐकला तर घरघर. न विचारता काहीही सांगायचं नाही. परीक्षकाच्या चेहऱ्यावरून उत्तर वाचायची सवय आपल्या सगळ्यांनाच असते, म्हणून मी चेहराही शक्यतो कागदात ठेवते.

आता मी काय बघते? बहुतेकींचा हात आधी अॅव्हिल या अॅलर्जीच्या नेहमीच्या औषधाकडे जातो. अॅव्हिलने अंगावरच्या गांधी आणि खाज कमी होते. घशाची सूज आणि पडणारा रक्तदाब त्याने थांबत नाही. पहिलं औषध अॅड्रेनालिन, बाकी सगळं नंतर. मात्रा वजनाच्या किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मुलांत एका वेळी जास्तीत जास्त ०.३ मिलिग्रॅम. एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम असलेल्या अँप्यूलमधून या मुलीला ०.३ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. कातडीखाली नाही, शिरेत तर नाहीच. पाच मिनिटांत पुन्हा तपासायचं, सुधारणा नसेल तर दुसरी मात्रा.

मग सिरिंज. कितीतरी शाळांच्या कपाटात एक मिलिलिटरची सिरिंज म्हणून इन्सुलिनची सिरिंज ठेवलेली सापडते. तिची सुई आखूड असते, स्नायूपर्यंत पोचत नाही, आणि तिच्यावर खुणा युनिटच्या असतात. घाईत ०.३ मिलिलिटर म्हणजे किती युनिट हे कोणाला सुचणार? साधी एक मिलिलिटरची सिरिंज आणि इंचभर लांबीची सुई हवी. ही चूक नर्सची नसते, खरेदीची असते. पण ती शोधायची जागा हीच.

मुलीला आडवं करून पाय उंच करायला हवेत. श्वास फार लागत असेल तर बसतं ठेवायचं, पण उभं करायचं नाही आणि चालवत गाडीपर्यंत तर मुळीच न्यायचं नाही, कारण अशा वेळी एकदम उभं राहिल्याने रक्तदाब कोसळू शकतो. ‘चल बाळ, गाडीत बसूया’ हे प्रेमाने म्हटलेलं वाक्य माझ्या यादीत गंभीर चूक म्हणून नोंदलं जातं.

ओळख पटल्यापासून सुई लागेपर्यंतचा वेळ मी घड्याळावर मोजते. तीन मिनिटांच्या आत झालं तर ठीक, हा मी ठेवलेला मापदंड आहे. कपाटाची चावी ऑफिसात आणि ऑफिसला कुलूप, असं असेल तर जगातली सर्वोत्तम नर्ससुद्धा त्यात बसणार नाही.

छातीचे दाब बरोबर आहेत हे डोळ्यांनी कळतं का?

काही अंशी. वेग मोजता येतो: मिनिटाला १०० ते १२०. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने ठोके देणारं अॅप) ११० वर लावून शेजारी ठेवा, लगेच समजतं. खोली बघून ठरवणं अवघड. मुलांत छातीच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश, म्हणजे ५ सेंटिमीटरच्या आसपास, आणि तान्ह्या बाळात ४. मॅनिकिनमध्ये, म्हणजे सरावाच्या पुतळ्यात, दिवा किंवा टकटक असेल तर त्यावर विश्वास ठेवा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देते का, हे मात्र बाजूला वाकून डोळ्यांनी बघता येतं, आणि थकलेली व्यक्ती नेमकं तेच विसरते. म्हणून हा थांबा किमान दोन मिनिटं सलग चालवा. वीस सेकंद कोणीही छान करतं.

नर्स एकटी असेल तर ३० दाबांना २ श्वास. मुलाच्या बाबतीत दुसरा प्रशिक्षित माणूस आला की १५ ला २. नाडी शोधायला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लावला तर गुण कापा. एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा धक्का देणारं यंत्र, शाळेत असेल तर तो पिशवीतून काढून पॅड चिकटवण्यापर्यंतचा सराव याच थांब्यात घ्या.

फिट आलेल्या मुलासाठी करण्यासारखं फारसं नसतं ना?

असतं, आणि त्यातलं बरंच काही न करण्याचं असतं. घड्याळ बघायचं, आजूबाजूच्या वस्तू सरकवायच्या, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, झटके थांबले की कुशीवर वळवायचं. तोंडात चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. हातात किल्ल्या किंवा नाकाशी कांदा नाही. या थांब्यावर मी एका शिक्षकाला मुद्दाम कांदा घेऊन धावत यायला सांगते. नर्स त्यांना न दुखावता पण ठामपणे थांबवते का, हे बघायचं असतं. मोठ्या वयाच्या सरांना ‘सर, तुम्ही वेळ बघा आणि मला दर मिनिटाला सांगा’ असं काम देऊन मोकळी होणारी नर्स मला फार आवडते.

पाच मिनिटांवर फिट चालू राहिली तर औषधाची वेळ झाली. ज्या मुलाला डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलमचा फवारा लिहून दिला आहे, त्याचा फवारा शाळेत असायला हवा आणि तो कुठे ठेवलाय हे तिला डोळे मिटून सांगता यायला हवं.

सर्पदंश शाळेत कशाला घ्यायचा? ते रुग्णालयाचं काम आहे.

प्रतिविष देणं रुग्णालयाचं काम. तोपर्यंत मुलाचं नुकसान न होऊ देणं शाळेचं काम, आणि गोव्यात पावसाळ्यात शाळेच्या आवारात, लाकडांच्या ढिगाऱ्याजवळ, शौचालयाच्या वाटेवर साप निघणं नवलाचं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आपल्याकडे आहेत. जांभ्याच्या सड्यावर फुरसं दगडाखाली असतं. मण्यारच्या चाव्याला सूज आणि वेदना जवळजवळ नसते, म्हणून ‘काही झालं नाही, बसव बाकावर’ असं होतं, आणि काही वेळाने पापण्या जड व्हायला लागतात. सह्याद्रीच्या पायथ्याला नाकाडा चापडाही आहे, आणि भारतात मिळणारं, अनेक सापांच्या विषांवर चालणारं प्रतिविष त्याच्या विषावर तयार केलेलं नाही. नर्सने साप ओळखत बसू नये याचं हे आणखी एक कारण.

प्रसंग असा लावा: पाचवीतला मुलगा, घोट्याजवळ दोन ठिपके, शिक्षकांनी आधीच रुमालाने पोटरी करकचून आवळलेली. नर्सने काय करावं? मुलाला झोपवून स्थिर ठेवावं, पाय पट्टीने आणि काठीने हाडमोड झाल्यासारखा बांधावा. पैंजण, काळा दोरा, बूट काढावेत. चावल्याची वेळ लिहावी. सुजेच्या कडेला पेनने रेघ मारून शेजारी वेळ टाकावी. कापणं, चोखणं, बर्फ, हळद काही नाही. रुमाल फार वेळ घट्ट बांधलेला असेल तर तो झटक्यात सोडू नये. ते काम रुग्णालयात, डॉक्टरांसमोर. आणि पापण्या, बोलणं, श्वास यांवर नजर ठेवावी, कारण वाटेत श्वास थांबला तर तोंडाने किंवा अंबू बॅगने (हाताने दाबायच्या पिशवीने) श्वास देत राहिल्याने मूल वाचतं.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला. त्यामुळे हा विषय आता शेतमजुरांपुरता राहिलेला नाही.

१०८ ला फोन करण्यात तपासण्यासारखं काय आहे?

पुष्कळ. गोव्यात १०८ सेवा २००८ पासून आहे, नंबर सगळ्यांना पाठ आहे. तरीही फोनवर काय सांगायचं यात अडखळतात. शाळेचं नाव सांगितलं जातं, पण एकाच नावाच्या शाळा दोन तालुक्यांत असतात. गाव, वाडा, जवळची खूण, कोणत्या फाटकातून यायचं, मुलाचं वय, आत्ता श्वास आहे का, शुद्ध आहे का, काय दिलं आणि केव्हा दिलं: हे सगळं मिनिटभरात सांगता यायला हवं. मी खरा फोन लावायला लावत नाही. शेजारच्या खोलीतून मीच १०८ होते आणि उलटसुलट प्रश्न विचारते.

अॅम्ब्युलन्स आल्यावर मुलाला सुपूर्द करतानाचं बोलणंही याच थांब्यात. काय झालं, आधीपासून काही आजार आहे का, मला काय दिसलं, मी काय केलं, मला काय वाटतं. याच क्रमाने, कागदावर वेळांसकट.

आणखी एक. काणकोणहून मडगावचं जिल्हा रुग्णालय सुमारे ४० किलोमीटरवर आहे. वाळपईहून बांबोळीचं सरकारी वैद्यकीय रुग्णालय त्याहून लांब. पावसात रस्त्यावर झाड आडवं पडलं की हिशेबच बदलतो. आपल्या शाळेपासून सर्वांत जवळचं, चोवीस तास चालणारं, ऑक्सिजन आणि प्रतिविष असलेलं केंद्र कोणतं, हे नर्सला माहीत असायला हवं. आतल्या तालुक्यांत मी मुद्दाम असा प्रसंग देते, ज्यात अॅम्ब्युलन्सला अर्धा तास लागणार असतो. पहिल्या दहा मिनिटांचं छान जमणाऱ्या नर्सही पुढच्या वीस मिनिटांत काय करायचं यात अडतात: पुन्हा तपासणं, नोंद ठेवणं, दुसरी मात्रा, पालकांशी बोलणं, खिडकीत जमलेल्या मुलांना वर्गात पाठवणं.

रुग्ण म्हणून खऱ्या मुलांना घ्यावं का?

मोठी मुलं, आठवीनंतरची, त्यांच्या आणि पालकांच्या संमतीने. लहानांना नको. त्यांच्या मनात भीती राहते. एक काळजी घ्या: रुग्ण झालेल्या मुलाने त्याच्या नेहमीच्या कोकणीतच बोलावं. घाबरलेलं मूल पुस्तकी मराठीत किंवा इंग्रजीत तक्रार सांगत नाही. बाहेरून आलेल्या नर्सला त्याचं बोलणं कळतं का, हे आधी कळलेलं बरं. खऱ्या मुलावर सुई, दाब किंवा घास अडकल्यावर देतात ते पाठीवरचे फटके यांतलं काहीही करायचं नाही. तो भाग मॅनिकिनवर.

गुण कसे द्यायचे?

टक्केवारीने देऊ नका. वीसपैकी अठरा गोष्टी केल्या आणि अॅड्रेनालिन दिलं नाही, तर नव्वद टक्के मिळवूनही मूल गेलं. म्हणून प्रत्येक थांब्यावर दोन-तीन जीवघेण्या पायऱ्या आधीच ठरवा. त्या चुकल्या तर तो थांबा पुन्हा घ्यायचा, बाकी कितीही सुंदर झालं तरी. उरलेल्यांसाठी तीन शेरे पुरतात: एकटीने करू शकते, सोबत लागते, सराव हवा.

शक्य असेल तर दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे नोंद करावी आणि नंतर ताडून बघावी. दोघांच्या नोंदीत फार फरक पडला तर बहुतेक वेळा यादी मोघम असते. ‘श्वास नीट तपासला’ असं लिहू नका. ‘छाती उघडी करून श्वास मोजले’ असं लिहा.

नर्सने स्वतःच स्वतःला गुण दिले तर?

द्यायला सांगा, पण त्यावर थांबू नका. मी प्रत्येक थांब्याआधी विचारते, ‘हे तुम्हाला किती जमेल असं वाटतं?’ आणि नंतर पुन्हा विचारते. आत्मविश्वास आणि हात यांचं नेहमी जमतंच असं नाही, दोन्ही बाजूंनी. वर्षानुवर्षं स्वतःला कमी लेखणाऱ्या कितीतरी सिस्टर दम्याच्या थांब्यावर इतक्या शांतपणे काम करतात, पंप हलवून स्पेसरला (फवारा साठवणाऱ्या नळीला) लावतात, एकेक फवारा देऊन मुलाला चार-पाच श्वास घेऊ देतात, की मी बघत राहते. त्यांना ते तोंडावर सांगणं हाही मूल्यांकनाचाच भाग मानते मी.

तपासणी कोणी करावी?

नर्सिंग कॉलेजचे शिक्षक, बालरोगतज्ज्ञ, तातडीच्या विभागात काम केलेली अनुभवी नर्स. मुख्याध्यापकांनी परीक्षक होऊ नये. तिचा पगार आणि रजा ज्यांच्या हातात आहे ते समोर बसले की हात थरथरतात, आणि आपण जे मोजायला आलो ते मोजलंच जात नाही. मुख्याध्यापकांनी न सांगता घेतलेल्या सरावात स्वतःची भूमिका करावी: फोन, फाटक, पालक. तीही तपासली जाते.

किती दिवसांनी घ्यावी?

पूर्ण तपासणी वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी. मध्ये दर तीन महिन्यांनी अर्ध्या तासाचा छोटा सराव, एका वेळी एकच प्रसंग. वर्षातून एकदा दिवसभर घोकण्यापेक्षा अशा छोट्या सरावांनी हात जास्त तयार राहतात.

डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नर्सने इंजेक्शन दिलं तर ती अडचणीत येईल का?

हा प्रश्न नर्स हळू आवाजात विचारतात, आणि त्या भीतीने हात थांबतो. उपाय आधीच करून ठेवायचा. नोंदणीकृत डॉक्टरांनी सही केलेला लेखी कायम आदेश शाळेकडे असावा: कोणत्या लक्षणांवर, कोणतं औषध, किती वजनाला किती मात्रा. अॅड्रेनालिन, दम्याचं साल्ब्युटामोल, फिटचं औषध, ग्लुकोज यांच्यासाठी तो हवाच. दरवर्षी नवा करावा. प्रवेशाच्या वेळी पालकांची संमती घ्यावी.

पालकांची संमती वेळेवर मिळण्यासारखी नसेल तेव्हा मुलाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये संरक्षण आहे. कायद्यात सद्भावना म्हणजे योग्य काळजी घेऊन केलेलं काम, हे विसरू नये. म्हणूनच सराव आणि नोंदी हव्यात. तपासणीत मी नर्सला विचारते, ‘तुमचा आदेश कुठे आहे?’ ती कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद दाखवते तेव्हा मला अर्धं उत्तर मिळतं.

ती कमी पडली तर काय करायचं? नोकरीवरून काढायचं का?

नाही. एकदा असं झालं की पुढच्या वर्षी कोणीही खरेपणाने तपासणीला उभं राहणार नाही. निकाल आधी तिच्या हातात द्या. थांबा संपल्या संपल्या तिलाच आधी बोलू द्या: काय बरं झालं, काय राहिलं. बहुतेक वेळा ती स्वतःच नेमकं सांगते. मग तो प्रसंग तिथेच पुन्हा घ्या, अडलेल्या पायरीपासून, दोनदा, तीनदा, हात बसेपर्यंत. महिन्याभराने परत बघा. वारंवार सराव देऊनही जीवघेण्या पायऱ्या जमत नसतील, तर तिला एकटीला जबाबदारीवर ठेवू नये. हा निर्णय मुलांसाठी घ्यावा लागतो आणि तो सन्मानाने घेता येतो.

व्यवस्थापनाला कळवताना तिच्या उणिवा आणि शाळेच्या उणिवा दोन वेगळ्या कागदांवर लिहा. ऑक्सिजन सिलिंडर रिकामा होता, मैदानापासून आजारी खोलीपर्यंत स्ट्रेचर जात नाही, एका नर्सकडे हजारभर मुलं आहेत: यातलं काहीही तिच्या नावावर लावू नये. एका शाळेत मी हे दोन कागद दिले, तर शाळेचा कागद नर्सच्या कागदाच्या दुप्पट लांब निघाला. व्यवस्थापनाने तो वाचून पुढच्याच आठवड्यात चावी दाराबाहेर काचेच्या पेटीत लावली.

खर्च किती येतो?

आपण समजतो त्याहून कमी. मॅनिकिन जवळच्या नर्सिंग कॉलेजकडून मागून घेता येतो. मुदत संपलेल्या अँप्यूल फेकू नका. वेगळ्या डब्यात, ‘फक्त सरावासाठी’ अशी मोठी लाल चिठ्ठी लावून ठेवा. अँप्यूल फोडण्याचा आणि औषध ओढण्याचा सराव त्यांवरच होतो. तो डबा खऱ्या औषधांच्या कपाटात कधीही ठेवायचा नाही.

पालक म्हणून मी शाळेला काय विचारू?

आपल्या मुलाला दमा, फिट, मधुमेह किंवा अॅलर्जी असेल, तर त्याच्या नावाची एक पानी योजना नर्सकडे आहे का, ते विचारा. त्यावर मुलाचा फोटो, आजचं वजन, औषध, मात्रा आणि तुमचे दोन फोन नंबर हवेत. वजन दर सहामाहीला बदलतं, कळवत राहा. मधुमेही मुलासाठी विचारा: साखर ७० च्या खाली गेली तर वर्गातच साखर मिळते, की त्याला एकट्याला जिने उतरून नर्सकडे पाठवतात? मग विचारा, नर्स रजेवर असते त्या दिवशी कोण असतं. त्या व्यक्तीचं नाव लगेच सांगता आलं तर उत्तम. नाही आलं, तर पुढच्या पालकसभेत हाच विषय घ्या.